नाव, स्थान आणि शोधक्रम : संगणकावरील आज्ञावली-शोधाचा इतिहास

१

शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य की सांकेतिक, हा वाद भारतीय शास्त्रपरंपरेत फार जुना आहे. मीमांसकांनी तो नित्य मानला; नैयायिकांनी तो संकेतावर आधारलेला मानला. या वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. तथापि नावावरून वस्तूपर्यंत पोहोचण्यास संकेताखेरीज आणखी एक गोष्ट आवश्यक असते, आणि ती म्हणजे शोधाचा क्रम. एकाच नावाच्या दोन वस्तू असतील तर प्रथम कोठे पाहावयाचे, यावर त्या नावाचा अर्थ ठरतो. संगणकाला एखाद्या आज्ञावलीचे नाव सांगितले असता ती कोठून आणून चालवावयाची, हा प्रश्न याच स्वरूपाचा आहे. त्याला निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमांनी दिलेली उत्तरे आणि ती उत्तरे एकत्र आणण्यासाठी रचलेल्या सॉफ्टवेअर लायब्रऱ्या यांचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय परिचित भूमीवरून सुरू करणे सोयीचे होईल. महाराष्ट्रात कर्जत नावाची दोन तालुक्यांची ठिकाणे आहेत : एक रायगड जिल्ह्यात, दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यात. खालापूर तालुक्यातील माणूस ‘कर्जतला जाऊन येतो’ असे म्हणतो तेव्हा तो जिल्ह्याचे नाव घेत नाही, आणि ऐकणाराही विचारीत नाही. जवळचे कर्जत प्रथम, हा तेथला अलिखित शोधक्रम होय. जामखेडच्या बाजारात तेच वाक्य उच्चारले तर त्याच क्रमाने दुसरे कर्जत हाती येते. पत्र लिहिताना मात्र एवढे पुरत नाही. तेथे मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असा संपूर्ण मार्ग लिहावा लागतो, आणि १९७२ साली पिनकोड आल्यापासून ४१०२०१ आणि ४१४४०२ हे अंक ही दोन गावे वेगळी ठेवतात.

संपूर्ण मार्ग निःसंदिग्ध असतो खरा, पण तो टिकाऊ असतोच असे नाही. कर्जत तालुका आणि त्यात त्या काळी मोडणारा खालापूर पेटा १८९१ साली ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात आले. १९८१ साली कुलाब्याचे नाव रायगड झाले. गाव जागचे हलले नाही, पण त्याचा लिखित मार्ग दोनदा बदलला. ज्याने केवळ ‘कर्जत’ म्हटले त्याला या बदलाची झळ लागली नाही. ज्याने संपूर्ण पत्ता कोरून ठेवला त्याचा पत्ता जुना झाला. आखूड नाव लवचिक असते पण संदिग्ध. पूर्ण नाव निःसंदिग्ध असते पण ठिसूळ. संगणकावरील आज्ञावली-शोधाचा सारा इतिहास या दोन टोकांमध्ये घडलेला आहे.

२

संगणकात फाइली डिरेक्टऱ्यांत ठेवलेल्या असतात आणि डिरेक्टऱ्या एकीच्या पोटात एक अशा रचलेल्या असतात. जिल्हा, तालुका, गाव अशीच ही उतरंड होय. काही फाइलींत केवळ मजकूर असतो. काहींत यंत्राने पाळावयाच्या आज्ञा असतात. या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे चालविण्याजोग्या, फाइली नावावरून शोधून काढण्याचे काम ज्या आज्ञावलीकडे असते तिला ‘शेल’ म्हणतात.

मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्था, बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनी यांनी १९६५च्या सुमारास हाती घेतलेल्या मल्टिक्स या प्रकल्पात शोधाचे नियम स्पष्टपणे मांडलेले आढळतात. आधीच वापरात आलेले भाग, मग ज्या ठिकाणाहून मागणी झाली ती डिरेक्टरी, मग काम चालू असलेली डिरेक्टरी आणि अखेरीस सर्वांसाठी ठेवलेली भांडारे, असा तो क्रम होता. आणि वापरणाऱ्यास तो बदलताही येत असे. बेल प्रयोगशाळेने १९६९ साली या प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्याच वर्षी तेथे केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा प्रारंभ केला. युनिक्सच्या १९७१च्या पहिल्या आवृत्तीतील नियम फार साधा होता. दिलेल्या नावाची फाइल सापडली तर ती चालवावी; न सापडल्यास नावाच्या आधी ‘बिन’ या डिरेक्टरीचा मार्ग जोडून पुन्हा पाहावे. पुढे त्यास ‘यूएसआर-बिन’ हे आणखी एक ठिकाण जोडले गेले. म्हणजे शोधाचा क्रम होता, पण तो शेलच्या अंगातच गोठलेला होता.

तो शेलच्या बाहेर काढण्याचे काम १९७०च्या दशकात झाले. जॉन मॅशी यांच्या शेलमध्ये शोधावयाच्या डिरेक्टऱ्यांची यादी एका चलात ठेवण्याची सोय आली. १९७९ साली सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या स्टीव्हन बोर्न यांच्या शेलने ‘पाथ’ नावाचे चल रूढ केले, ते आजतागायत चालत आले आहे. या चलात डिरेक्टऱ्यांचे मार्ग अपूर्णविरामाने अलग करून एकापुढे एक लिहिलेले असतात आणि शोध डावीकडून उजवीकडे चालतो. जे प्रथम सापडते तेच चालते. पुढची वस्तू कितीही योग्य असली तरी तिची पाळी येत नाही. पाणिनीने तुल्यबल नियमांचा विरोध आल्यास नंतरचा नियम प्रबळ मानला. ‘पाथ’ने आधीचे ठिकाण प्रबळ मानले. दोन्हींत तत्त्व एकच आहे, आणि ते असे की क्रम हाही व्याकरणाचा भाग असतो.

त्याच सातव्या आवृत्तीत एक लहान पण महत्त्वाची गोष्ट घडली. शोधाचे काम केवळ शेललाच करावे लागते असे नाही. एका आज्ञावलीस दुसरी आज्ञावली चालवावयाची असते तेव्हा तिलाही ते करावे लागते. यासाठी ‘एक्झेकव्हीपी’ नावाचे कार्य सी भाषेच्या लायब्ररीत ठेवण्यात आले. शेलप्रमाणेच यादीतून शोधणे, एवढेच त्याचे काम होते. सॉफ्टवेअर लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. अनेक आज्ञावलींना लागणारी कार्ये एकदाच लिहून सर्वांसाठी ठेवलेला तो संग्रह होय. प्रस्तुत विषयाच्या लायब्रऱ्यांची वंशावळ येथून धरता येईल. मात्र या पूर्वजास एकाच देशाची रीत ठाऊक होती.

३

दुसरी रीत याच दशकात वेगळ्या ठिकाणी घडत होती. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ साली लहान संगणकांसाठी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम रचली. तीत चालविण्याजोग्या फाइलीच्या नावाला ‘कॉम’ असा प्रत्यय लागत असे. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसने ही पद्धत उचलली. १९८३च्या दुसऱ्या आवृत्तीत डॉसमध्ये डिरेक्टऱ्यांची उतरंड आली आणि तिच्याबरोबर ‘पाथ’ही आला. नाव युनिक्सचेच होते, पण आशय पुरता तोच नव्हता. डिस्कच्या अक्षरापुढे अपूर्णविराम लिहिण्याची रीत आधीच पडली असल्याने यादीत अर्धविराम वापरावा लागला. आज्ञेचे पर्याय दाखविण्यास तिरपी रेघ खर्ची पडली असल्याने मार्गासाठी उलटी तिरपी रेघ घ्यावी लागली.

चिन्ह आधीच कोणी घेतले असेल तर दुसऱ्याला वेगळे घ्यावे लागते, याचे उदाहरण मुंबईच्या उपनगरी गाड्यांच्या दर्शकांवर दिसते. इंग्रजी ‘के’ हे अक्षर तेथे कल्याणचे आहे. खोपोलीस ‘केपी’, कर्जतला ‘एस’ आणि कसाऱ्याला ‘एन’ ही अक्षरे आहेत. कर्जतच्या नावात ‘एस’ कोठेही नाही. रोजच्या प्रवाशाला त्यात काही विचित्र वाटत नाही, परंतु परक्याला तो संकेत शिकावाच लागतो. ऑपरेटिंग सिस्टिमांची चिन्हेही अशीच ऐतिहासिक आहेत; त्यांचे समर्थन तर्कात नसून पूर्वघटनांत आहे.

चिन्हांहून खोल असे दोन भेद होते. पहिला भेद चालविण्याजोगी फाइल ओळखण्याचा. युनिक्समध्ये ही ओळख नावात नसते. फाइलीबरोबर नोंदलेल्या अनुमतीत असते. डॉसमध्ये ती नावाच्या प्रत्ययातच असते. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर एका भाषेत लिंग शब्दाच्या अंतावरून कळते आणि दुसरीत ते कोशात पाहावे लागते, तसा हा प्रकार होय. डॉसमध्ये एकाच डिरेक्टरीत ‘कॉम’, ‘ईएक्सई’ आणि ‘बॅट’ असे तिन्ही प्रत्यय लागलेली एकाच नावाची फाइल असेल तर याच क्रमाने प्राधान्य मिळे. पुढे विंडोज एनटीच्या वंशात या प्रत्ययांची यादी ‘पाथएक्स्ट’ नावाच्या चलात ठेवण्यात आली. त्यामुळे शोध दुहेरी झाला : ठिकाणांचा एक क्रम आणि प्रत्ययांचा दुसरा.

दुसरा भेद चालू डिरेक्टरीचा. वापरणारा ज्या डिरेक्टरीत काम करीत असेल ती डॉसमध्ये यादीत नसतानाही सर्वांआधी पाहिली जाई. युनिक्समध्ये ती यादीत लिहिली असेल तरच पाहिली जाते. बोर्न शेलच्या मूळ यादीत मात्र ती आरंभीच होती. विंडोजमध्ये तर एकाच सिस्टिमच्या पोटात अनेक शोधक नांदतात. नवी प्रक्रिया सुरू करणारे मूळ कार्य प्रथम मागणी करणाऱ्या आज्ञावलीची स्वतःची डिरेक्टरी पाहते, मग चालू डिरेक्टरी, मग सिस्टिमच्या डिरेक्टऱ्या आणि सर्वांत शेवटी ‘पाथ’. प्रत्ययांची यादी ते विचारात घेत नाही. आज्ञा टंकण्याची खिडकी ती यादी विचारात घेते. २००६ साली आलेला पॉवरशेल चालू डिरेक्टरीतील आज्ञावली स्पष्ट मार्ग लिहिल्यावाचून चालवीतच नाही.

यांहून वेगळी रीत १९८४च्या मॅकिंटॉशची होती. तेथे आज्ञा टंकावयाची नसल्यामुळे ‘पाथ’च नव्हता. फाइलीबरोबर चार अक्षरी प्रकार आणि चार अक्षरी निर्मातृचिन्ह नोंदलेले असे आणि त्यावरून योग्य आज्ञावली उघडत असे. २००१ साली मॅक ओएस टेनबरोबर या घराण्यानेही युनिक्सची रीत स्वीकारली.

४

एवढ्या रीती एकत्र नांदू लागल्यावर अनेक सिस्टिमांवर चालणारे साहित्य लिहिणाऱ्यांपुढे भाषांतरकाराची अडचण उभी राहिली. ‘ही आज्ञावली या यंत्रावर आहे काय, आणि असल्यास कोठे?’ हा प्रश्न सर्वत्र एकच, पण विचारण्याची भाषा प्रत्येक ठिकाणी निराळी.

युनिक्सच्या घराण्यातही हा प्रश्न सुटलेला नव्हता. बर्कली येथील वितरणात १९८०च्या सुमारास ‘विच’ ही आज्ञा आली. नाव दिले असता संपूर्ण मार्ग सांगणे हे तिचे काम. आरंभी ती सी शेलच्या भाषेत लिहिलेली होती आणि वापरणाऱ्याची त्या शेलची मांडणी वाचून उत्तर देई. दुसरा शेल वापरणाऱ्यास त्यामुळे चुकीचे उत्तर मिळू शके. ज्याने शोधले तो एक आणि जो चालविणार तो दुसरा, अशी ही स्थिती होती. म्हणूनच पॉसिक्स या मानकाने ‘विच’ स्वीकारली नाही. शेललाच विचारणारी ‘कमांड’ ही आज्ञा स्वीकारली. तरीही ‘विच’ची सवय सुटली नाही. २०२१ साली डेबियनमध्ये ती कालबाह्य ठरविण्याचा इशारा छापला जाऊ लागताच वाद होऊन तो त्या प्रकल्पाच्या तांत्रिक समितीपर्यंत गेला.

१९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी सुरू केलेल्या ऑटोकॉन्फने निराळा मार्ग घेतला. कोणत्याही तयार आज्ञेवर विसंबण्याऐवजी ‘पाथ’ची यादी तोडून एकेक डिरेक्टरी तपासण्याचा पाठ तो स्वतःच लिहून देई. पर्ल भाषेसाठी ‘फाइल-विच’ हे मॉड्यूल झाले. नोड आणि रस्ट यांच्या परिसरातही ‘विच’ याच नावाचे संग्रह आले.

या सर्वांत पायथनचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. २००० साली पायथनबरोबर आलेल्या ‘डिस्टयूटिल्स’ या संचात आज्ञावली शोधणारे एक कार्य होते. ते विंडोजवर ‘ईएक्सई’ हा एकच प्रत्यय जोडून पाही आणि सापडलेली वस्तू फाइल आहे एवढ्यावर समाधान मानी. ती चालविण्याची अनुमती आहे की नाही हे तपासत नसे. सर्वांसाठी रीतसर कार्य असावे अशी सूचना २००१ साली नोंदली गेली. ते प्रत्यक्षात आले २०१२ साली, ३.३ या आवृत्तीत, ‘शटिल’ या मॉड्यूलमधील ‘विच’ या नावाने. काही ओळींच्या कार्यास अकरा वर्षे लागावीत याचे नवल वाटेल. परंतु अडचण ओळींची नव्हती. कोणती रीत खरी मानावयाची ही होती. अनुमती तपासावी काय? ‘पाथएक्स्ट’ पाळावे काय? विंडोजवर चालू डिरेक्टरी आधी पाहावी काय? नव्या कार्याने या तिन्ही प्रश्नांना होकार दिला. त्यानंतर २०२३ सालच्या ३.१२ या आवृत्तीत पुन्हा दुरुस्ती झाली : चालू डिरेक्टरी वगळण्याची विंडोजची सूचना असेल तर ती पाळली जाऊ लागली. त्याच आवृत्तीतून ‘डिस्टयूटिल्स’ काढून टाकण्यात आले.

५

चालू डिरेक्टरीचा हा प्रश्न केवळ शिस्तीचा नाही. जे नाव प्रथम सापडते ते वापरणाऱ्याच्या अधिकाराने चालते. म्हणून जो शोधक्रमात आधी बसतो तो त्या अधिकाराचा धनी होतो. परक्याकडून आलेल्या फाइलींच्या गाठोड्यात एखाद्या परिचित आज्ञेच्या नावाची फाइल दडवून ठेवली, आणि वापरणारा त्या डिरेक्टरीत उभा राहून ती आज्ञा देऊ लागला, तर चालू डिरेक्टरी आधी पाहणारा शोधक परक्याचीच फाइल चालवील.

ही भीती काल्पनिक नव्हती. २०२० साली गिट एलएफएस या साधनातील असाच दोष विंडोजवर उघड झाला. बाहेरून घेतलेल्या संग्रहात ‘गिट’ या नावाची चालविण्याजोगी फाइल असल्यास खऱ्या गिटऐवजी तीच चालत असे. ते साधन गो भाषेत लिहिलेले होते आणि त्या भाषेची शोध-लायब्ररी विंडोजची रीत प्रामाणिकपणे पाळीत होती. म्हणजे लायब्ररीने चूक केली असे म्हणता येत नव्हते. तिने स्थानिक संकेताचे बिनचूक भाषांतर केले होते, आणि दोष त्या संकेतातच होता. जानेवारी २०२१मध्ये गोच्या कर्त्यांनी या प्रश्नाचे विवेचन प्रसिद्ध केले. ऑगस्ट २०२२मधील १.१९ या आवृत्तीपासून चालू डिरेक्टरीत सापडलेली आज्ञावली आपोआप चालविणे त्यांनी बंद केले. लायब्ररी आता तसे आढळल्याचे सांगते, पण चालविण्याचा निर्णय लिहिणाऱ्यावर सोपविते.

या घटनेत एक वळण आहे. तोवर अशा लायब्रऱ्या स्वतःस दुभाषी समजत : जेथे जी रीत असेल ती पाळावी. येथे प्रथमच दुभाष्याने मूळ वक्त्याचे म्हणणे जसेच्या तसे सांगण्यास नकार दिला.

६

आतापर्यंत नाव लिहिण्याविषयी शंका घेतलेली नाही. दोन नावे एक आहेत की भिन्न, हे स्पष्टच आहे असे मानले. रोमन लिपीत येथे लहानमोठ्या अक्षरांचा प्रश्न येतो. युनिक्स त्यांत भेद करते. विंडोज सामान्यतः करीत नाही. देवनागरीत हा भेदच नसल्याने मराठी नाव या अडचणीतून सुटते. पण ते दुसऱ्या अडचणीत सापडते.

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत-खालापूरच्या मुलुखाचे वर्णन ‘दऱ्या’ या शब्दावाचून होत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. मराठी लेखनात हा अर्थभेद केवळ रफार आणि अर्धा ऱ यांवर उभा आहे. एखाद्या विद्यार्थ्याने या मुलुखाच्या नकाशासाठी आज्ञावली रचून तिला ‘दऱ्या’ हे नाव दिले अशी कल्पना करू. १९८८ आणि १९९१च्या इस्की मानकांत आणि इस्कीच्याच आधारे १९९१ साली आलेल्या युनिकोडमधील देवनागरीत ‘ऱ’ला स्वतंत्र स्थान आहे. परंतु युनिकोडमध्ये हा अर्धा ऱ तीन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ आणि हलंत, ‘र’, नुक्ता आणि हलंत, किंवा ‘र’, हलंत आणि शून्य रुंदीचा अदृश्य जोडक. कागदावर वा पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसावयाची. साठवणीत मात्र प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीने पहिले नाव १५ बाइटांचे, दुसरे आणि तिसरे १८ बाइटांचे, आणि ती दोन्हीही परस्परांहून भिन्न.

लिनक्सची नेहमीची फाइल-व्यवस्था बाइट तेवढे पाहते. तिच्या लेखी ही तीन निराळी नावे आहेत. विंडोजची एनटीएफएसही त्यांना एकरूप करीत नाही. ॲपलची १९९८पासूनची एचएफएस-प्लस पहिल्या रूपाचे दुसऱ्यात रूपांतर करून साठवीत असे. शिवाय नेहमीच्या प्रकारात नावांची तुलना करताना ती अदृश्य जोडक जमेस धरीत नसे. याचा परिणाम असा की तिसऱ्या रूपातील ‘दऱ्या’ आणि साधा ‘दर्या’ ही तिच्या लेखी एकच नावे ठरत. दरी आणि समुद्र यांत भेद उरत नसे. २०१७ साली आलेली एपीएफएस मूळ लेखन जपते, पण तुलना करताना पहिली दोन रूपे एक मानते.

‘पाथ’च्या यादीतून फिरणाऱ्या लायब्रऱ्यांना या भेदाची सहसा जाणीव नसते. त्या डिरेक्टरीचा मार्ग आणि दिलेले नाव जोडतात आणि अशी फाइल आहे काय, एवढेच फाइल-व्यवस्थेला विचारतात. म्हणून विद्यार्थ्याने एका कळफलकावर ठेवलेले नाव दुसऱ्या कळफलकावर टंकले असता आज्ञावली समोर असूनही ‘सापडली नाही’ असे उत्तर येऊ शकते. आणि तेच गाठोडे दुसऱ्या सिस्टिमवर नेले तर उत्तर बदलू शकते.

७

या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, आज्ञेचे नाव स्वतः काहीच दाखवीत नाही. शोधणारा, त्याची यादी आणि तिचा क्रम यांसह मिळूनच ते अर्थ देते. दुसरी, शोधक आणि चालक यांचे संकेत भिन्न असले तर उत्तर बरोबर असूनही निरुपयोगी ठरते. लायब्ररीने ‘अशी फाइल कोठे आहे’ यापेक्षा ‘येथे प्रत्यक्षात कोणती फाइल चालेल’ या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे, आणि त्या उत्तरात धोका असेल तर तो लपविता कामा नये.

तिसरी गोष्ट मराठीच्या अभ्यासकांशी निगडित आहे. नावाची एकरूपता ठरविणे हे काम आजवर यंत्रकारांनी केले. त्यांनी रोमन लिपीच्या अडचणी अनुभवाने ओळखल्या. ‘ऱ’ची अडचण ओळखण्यास त्यांना कारण पडले नाही. ती मांडणे हे भाषाशास्त्राचे काम आहे. मराठी आज्ञावली रचणाऱ्यांनी नावात ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराचे रूपच वापरावे, कळफलक करणाऱ्यांनी तेच उमटवावे आणि शोधणाऱ्या लायब्रऱ्यांनी तुलना करण्यापूर्वी युनिकोडने सममूल्य ठरविलेली रूपे एक करून घ्यावीत, एवढे झाले तरी पहिल्या दोन रूपांतील अंतर मिटेल. तिसरे रूप सममूल्यतेच्या नियमात बसत नाही. ते लेखनाच्या शिस्तीनेच टाळावे लागेल. शुद्धलेखनाचा हा नियम वाचकाच्या डोळ्याला दिसणार नाही, परंतु आज्ञावली सापडेल की नाही हे त्याच्यावर अवलंबून राहील.